खोगिरापूर्वीची मांड : गंगथडीतील अश्वारोहणाच्या शिक्षणाविषयी एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठ्यांच्या लष्करी इतिहासात घोडा सर्वत्र आढळतो. परंतु घोड्यावर बसावयास माणूस कसा शिकला, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे. पागेच्या कागदांत चंदी, वैरण, नाल, खोगीर, लगाम यांचा खर्च येतो. घोडा मेला, जखमी झाला किंवा हरवला, तर त्याचीही नोंद होते. एखाद्या मुलास प्रथम घोड्यावर कोणी बसविले, तो कितीदा पडला आणि किती दिवसांनी त्याची पाठ सरळ राहू लागली, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. याचे कारण उघड आहे. जिच्यासाठी द्रव्य मोजावे लागते ती वस्तू कागदावर चढते. जी विद्या अंगणात, नदीच्या उतारावर, बापाच्या किंवा मामाच्या देखरेखीखाली फुकट मिळते, तिला जमाखर्चात स्थान नसते.

या मौनाचा परिणाम असा झाला आहे की, साधनांच्या इतिहासालाच विद्येचा इतिहास समजण्यात येते. रिकीब केव्हा आली, जीन कोठून आले, नाल केव्हा रूढ झाली, या प्रश्नांची चर्चा झाली आहे व ती मोलाची आहे. परंतु खोगीर ज्या पाठीवर चढले त्या पाठीवर खोगिरावाचून बसण्याची विद्या त्याच्या आधीची होती, आणि खोगीर आल्यानंतरही दीर्घकाळ तीच शिक्षणाची पहिली पायरी राहिली, असे मानण्यास सबळ आधार आहे. प्रस्तुत लेखात हा आधार नाशिक व गोदावरीकाठचा प्रदेश, म्हणजे जुन्या भाषेतील गंगथडी, डोळ्यांसमोर ठेवून तपासावयाचा आहे. भीमेच्या काठची भीमथडी तिच्या तट्टांमुळे अधिक विख्यात झाली. तथापि गंगथडीचा संबंध घोडदळ, मल्लविद्या आणि अर्वाचीन सैनिकी शिक्षण या तिन्हींशी येत असल्याने प्रस्तुत प्रश्नासाठी हा प्रदेश विशेष उपयोगी आहे.

२. शब्दांची साक्ष

कागदपत्रे मौन धरतात तेथे भाषा कधी कधी बोलते. मराठीत घोड्याच्या साजाची नावे पाहिली तर त्यांतील बहुतेक फारसी-अरबी कुळातील आहेत. ‘जीन’, ‘लगाम’ व ‘तंग’ हे शब्द फारसी, तर ‘रिकीब’ हा मूळ अरबी ‘रिकाब’ होय. ‘खोगीर’ हा शब्दही फारसी ‘खूगीर’ यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ घाम धरणारे वा शोषून घेणारे वस्त्र असा आहे. प्रशासनाच्या शब्दांचेही तेच आहे. ‘पागा’ हे ‘पायगाह’चे रूप आहे; ‘बारगीर’ म्हणजे मूळ अर्थाने भार वाहणारा, आणि ‘शिलेदार’ म्हणजे शस्त्र धारण करणारा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त चतुरंगवर्ग या प्रकरणात सेनाविषयक यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला, परंतु बोलीत खोगीर खोगीरच राहिले, लगाम लगामच राहिला.

उलट घोड्यावर बसलेल्या माणसाच्या शरीराकडे पाहिले की शब्द घरगुती होतात. ‘पाठ’, ‘टाच’, ‘मांडी’ हे शब्द कोणत्याही दरबारातून आलेले नाहीत. या सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मांड’ हा होय. मांड म्हणजे स्वाराने मांड्यांच्या योगे घोड्याच्या पाठीशी जोडलेली पकड व बैठक. ‘मांड पक्की आहे’, ‘अजून मांड बसली नाही’, ‘मांड मोडली’ असे प्रयोग स्वाराविषयी होत, आणि पुढे ते राज्य, अधिकार, व्यवहार यांविषयीही होऊ लागले. एखाद्या माणसाची कारभारावर मांड बसली, असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात घोडा नसतो. परंतु शब्दाच्या पोटात तो असतो.

चालींच्या नावांतही असाच भेद दिसतो. घोड्याच्या उपजत गतीला मराठीने ‘दुडकी’ आणि ‘भरधाव’ अशी आपली नावे दिली. जी चाल घोड्यास मुद्दाम शिकवावी लागते तिच्यासाठी मात्र ‘रहवाल’ हा फारसी शब्द स्वीकारला. घोड्यास वर्तुळात फिरवून शिकविण्याच्या क्रियेस ‘कावा’ म्हणत. ‘गनिमी कावा’ या जोडशब्दात आज केवळ कपटाचा वा डावपेचाचा अर्थ उरला असला, तरी त्याच्या मुळाशी वळसा घेणाऱ्या घोड्याची गती आहे, हे विसरता येत नाही.

या साक्षीचे मूल्य मर्यादित आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. संस्कृत ‘पर्याण’ यापासून आलेला ‘पालाण’ हा शब्द मराठीत जुना आहे. म्हणजे यावनी संपर्कापूर्वी या देशात घोड्यावर घालावयाचे आसन अज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शब्दांवरून इतकेच म्हणता येते की, साजाची परिभाषा दरबार, पागा व बाजार यांच्या मार्गाने आली व बदलली. बैठकीची परिभाषा घरात होती आणि ती बदलण्याचे कारण पडले नाही.

३. प्राचीन पुरावा व बाह्य तुलना

खोगिरावाचून घोड्यावर बसणे ही दरिद्री वा रानटी समाजाची रीत होय, असा एक समज आढळतो. प्राचीन पुरावा त्यास अनुकूल नाही. ग्रीक इतिहासकार एरियन याने आपल्या भारतविषयक ग्रंथात, भारतीय लोक घोड्यावर खोगीर घालीत नाहीत व ग्रीकांसारखा तोंडातला लगामही वापरीत नाहीत, असे नोंदविले आहे. त्याच्या वर्णनाप्रमाणे घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या कातड्याचा पट्टा बांधीत आणि त्यास आतील बाजूने फारशी तीक्ष्ण नसलेली धातूची टोके असत. एरियन स्वतः नंतरच्या काळातला. पण त्याचा आधार अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेला निआर्कस व मौर्य दरबारी राहिलेला मेगॅस्थनीस यांच्या लेखनाचा होता. हे वर्णन सर्व भारतास लागू पडेलच असे नाही. परंतु युद्धात उतरणारे घोडदळ खोगिरावाचून असू शकते, हे त्यावरून सिद्ध होते.

ग्रीकांची स्वतःची स्थितीही फारशी निराळी नव्हती. इ. स. पूर्व चौथ्या शतकात झेनोफोनने अश्वारोहणावर लिहिलेल्या छोट्या प्रबंधात स्वाराच्या बैठकीचा विचार आला आहे. स्वार उघड्या पाठीवर असो वा नुसत्या वस्त्रावर असो, त्याने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये. पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे त्याचे शरीर असावे, म्हणजे मांड्यांची पकड चांगली बसते व भाला अधिक जोराने फेकता येतो, असा त्याचा अभिप्राय आहे. मराठीतील ‘मांड’ या शब्दाचे इतके नेमके भाष्य अन्यत्र मिळणे कठीण. दोन दूरच्या समाजांचा हा परस्परसंबंध नव्हे. घोड्याची पाठ आणि माणसाचे शरीर ही दोन्ही सर्वत्र सारखीच असल्यामुळे अनुभव एकाच निष्कर्षावर येतो, एवढाच याचा अर्थ.

शिल्पातील पुरावाही पाहण्यासारखा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभशीर्षांवर मध्यदालनाच्या बाजूस हत्ती, तर मागील बाजूस घोडे व त्यांवरील स्वार कोरलेले आहेत. सांचीच्या शिल्पांत काही ठिकाणी स्वाराचा पाय किंवा अंगठा अडकविण्यापुरता लहान फास दिसतो, आणि त्यास रिकिबीचे पूर्वरूप मानण्यात येते. पूर्ण स्वरूपाच्या रिकिबीचा इतिहास चीनकडे जातो. चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यातील मातीच्या घोड्यास डाव्या बाजूस एकच रिकीब आहे. ती चढण्यापुरती असावी. दोन्ही बाजूंच्या रिकिबी त्यानंतर थोड्याच काळात दिसू लागतात. भारतातील रिकिबीच्या उल्लेखांचा मागोवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला होता. या सर्व संशोधनातून साधनाचा कालक्रम बऱ्याच अंशी स्पष्ट झाला. मात्र साधन आल्यामुळे जुनी बैठक नाहीशी झाली, असे त्यातून निघत नाही.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘वाजिवाह्याली’ या राजविनोदाचे वर्णन आहे. घोड्यावरून चेंडू खेळण्याचा तो प्रकार होय. येथे घोडा सजविलेला, मैदान आखलेले व खेळाडू निवडलेले असतात. म्हणजे दक्षिणेत दरबारी अश्वारोहण या काळी चांगलेच विकसित होते. पण दरबारी ग्रंथ वर्णन करतो ते तयार स्वाराचे. स्वार तयार कसा झाला, हे तो गृहीत धरतो. हीच अडचण पुढे बखरींतही येते.

४. उघडी पाठ काय शिकविते

पुढील विवेचनासाठी या शिक्षणाचे शारीरिक स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. लाकडी सांगाड्याचे जीन स्वाराचे वजन घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस विभागते आणि रिकिबी त्याच्या पायांस आधार देतात. उघड्या पाठीवर यांपैकी काहीच नसते. स्वाराचा भार त्याच्या बैठकीच्या हाडांवर पडतो व तेथून सरळ घोड्याच्या पाठीत उतरतो. घोड्याच्या खांद्यांमागे, पाठीच्या सर्वांत खोलगट भागी बसावे लागते. किंचित मागे सरकल्यास हिसके वाढतात. किंचित पुढे सरकल्यास खांद्यांची हालचाल स्वारास लोटते.

शिकाऊ माणूस प्रथम भीतीने गुडघे आवळतो. गुडघे आवळताच त्याची बैठक वर उचलली जाते आणि तो अधिक डळमळतो. टाचा आवळल्या तर घोडा ते पुढे पळण्याचा इशारा समजतो, व ज्याला थांबावयाचे आहे तोच घोड्यास पळवितो. हातांनी लगाम ओढून तोल सावरण्याची सवय लागली तर घोड्याचे तोंड दुखते व तो मान उडवू लागतो. म्हणून उघड्या पाठीवरचे पहिले शिक्षण शक्तीचे नसून शैथिल्याचे असते. कंबर घोड्याबरोबर हलू द्यावी, मांडी आतून सपाट लागावी, पोटरी सैल लोंबावी, तोल जाऊ लागल्यास हात लगामाकडे न जाता आयाळीकडे जावा, इतक्या गोष्टी अंगवळणी पडल्या म्हणजे मांड बसू लागते. मांड ही पकड खरी. पण ती सतत आवळलेली पकड नव्हे. गरज पडेल त्या क्षणी घट्ट होणारी व लगेच सैल पडणारी अशी ती असते.

चालीप्रमाणे कसोटी बदलते. सावकाश चालीत चारही पाय एकामागून एक पडतात, म्हणून स्वारास फारसा त्रास होत नाही. दुडकीत समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडतात. दर पावलास पाठ उसळते, आणि रिकिबी नसल्यामुळे उठून बसण्याची सोय नसते. नवशिक्याची खरी परीक्षा येथेच होते. रहवाल चालीत एका बाजूचे पुढचे व मागचे पाय बरोबर चालत असल्यामुळे उसळी कमी असते. लांबच्या मजलेस ही चाल का पसंत केली जाई, हे उघड्या पाठीवर बसल्यावर चटकन कळते.

या ठिकाणी मराठी खोगिराचे स्वरूप महत्त्वाचे ठरते. खोगीर हे मुळात भरलेल्या कापडाचे किंवा नमद्याचे गादीवजा आसन होते. त्यात जुनेपुराणे काहीही कोंबून भरती करता येई, म्हणूनच निरुपयोगी माणसांच्या वा मजकुराच्या भरण्यास ‘खोगीरभरती’ हा शब्द रूढ झाला. असे मऊ आसन स्वाराला घोड्याच्या पाठीपासून फारसे दूर नेत नाही. उघड्या पाठीवर बसलेली मांड खोगिरावर जशीच्या तशी उपयोगी पडते. उंच काठांच्या, कठीण सांगाड्याच्या जिनावर शिकलेल्या माणसास मात्र उघड्या पाठीवर पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. तात्पर्य, मराठी साज आणि घरगुती शिक्षण यांच्यात विरोध नव्हता. पहिले दुसऱ्याच्या पायावर उभे होते.

५. पागा आणि घर

सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, अशी ती व्यवस्था होती. पाणी वाहणारा व नाल ठोकणारा यांची नेमणूक इतक्या काटेकोरपणे सांगितलेली असताना, त्या वर्णनात स्वारी शिकविणारा येत नाही. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांस उद्देशून असलेल्या विख्यात शिवकालीन पत्रातही वैरण पुरवून वापरण्याची, आगट्या व दिवे यांपासून गवताच्या गंजी जपण्याची आणि पावसाळ्यात घोडी उपाशी पडू न देण्याची कळकळीची ताकीद आहे. घोडा कसा जगवावा याची चिंता राज्याला होती. त्यावर कसे बसावे हे माणसास येते, असे गृहीत होते.

या गृहीताचा आधार घर हा होता. मल्हारराव होळकरांचे पूर्वायुष्य या दृष्टीने बोलके आहे. १६९३ मध्ये जन्मलेले मल्हारराव बालपणी पोरके होऊन खानदेशात तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्या घरी वाढले. हे मामा कदम बांडे यांच्या चाकरीत काही स्वार बाळगून होते. मेंढरे राखणारा भाचा याच घरातून घोड्यावर चढला व पुढे स्वारांत दाखल झाला, अशी परंपरा आहे. कोणत्याही शाळेची, उस्तादाची वा अभ्यासक्रमाची वार्ता त्यात नाही. मामाचे अंगण हीच शाळा होती. पुढे याच होळकर घराण्याचे एक महत्त्वाचे ठाणे नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे झाले व गंगथडी-खानदेशच्या घोडदळाशी त्याचा निकट संबंध राहिला.

अशा घरात मुलाच्या हाती प्रथम खोगीर येण्याचे कारण नव्हते. खोगीर मोलाचे व मोठ्या माणसाच्या मापाचे. शिवाय ते कसण्यास वेळ लागतो. घोडी पाण्यावर नेणे, चरावयास सोडणे, परत आणणे ही रोजची कामे आणि जेथे घोडी बाळगली जातात तेथे ती बहुधा मुलांकडे व मोतद्दारांकडे असतात. त्या कामासाठी कोणी साज चढवीत नाही; फार तर पाठीवर घोंगडी पडते. ओट्यावरून किंवा दगडावरून पाठीवर उडी घेणे, आयाळ धरून उतार उतरणे, पाण्यात घोडा मान खाली घालतो तेव्हा मागे रेलणे, हे सर्व धडे कामाच्या ओघात मिळतात. शिलेदारी पद्धतीत घोडा स्वाराच्या मालकीचा असे. म्हणजे घोडा दारात असे. बारगीर राज्याचा घोडा घेई. तथापि तोही याच खेड्यांतून येई. पागेला तयार स्वार मिळत, कारण त्यांची प्राथमिक शाळा पागेबाहेर, राज्याच्या खर्चावाचून चालू होती.

६. १८१८ नंतर : घोड्याऐवजी खांब

महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी झाली, आणि पुढील जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला. १८१८ च्या उन्हाळ्यात चांदवड, राजधेर, अंकाई, त्र्यंबक ही ठाणी इंग्रजांच्या हाती पडली. मालेगावचा किल्ला जूनमध्ये पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्रिंबकजी डेंगळे निफाड भागातील अहिरगाव येथे पकडला गेला. राजकीय इतिहासात हा शेवट आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही एका मंद प्रक्रियेची सुरुवात होय. पागा मोडल्या, शिलेदारांची मागणी आटली. इंग्रजांच्या अनियमित घोडदळात काही काळ शिलेदारी पद्धत राहिली व ती पहिल्या महायुद्धानंतर १९२१ च्या सुमारास संपुष्टात आली. परंतु तेथे भरती मोजक्यांचीच होती. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई-नाशिक प्रवासासाठी तट्टाची गरजही कमी झाली. दारातला घोडा गेला, आणि त्याबरोबर कागदावर कधीच न आलेली शाळा बंद पडली. तिच्या बंद होण्याचीही नोंद झाली नाही.

मांड मात्र दुसऱ्या एका आश्रयाने काही अंशी टिकली. उत्तर पेशवाईतील विख्यात मल्ल व व्यायामाचार्य बाळंभट दादा देवधर यांचे मूळ गाव निफाड भागातील कोठुरे हे होय. सप्तशृंगीच्या वणी येथील उपासनेत त्यांना मल्लखांबाची विद्या स्फुरली, अशी परंपरेची कथा आहे. मल्लांच्या श्रमासाठी स्तंभाचा उपयोग ‘मानसोल्लासा’तही आढळतो, तेव्हा बाळंभटांस आद्य प्रवर्तक न मानता पुनरुज्जीवक मानणे अधिक युक्त ठरेल. मल्लखांबाची बरीचशी कसरत मांड्या, गुडघे व पावले यांच्या पकडीवर चालते. हात मोकळे सोडून केवळ मांडीच्या जोरावर शरीर तोलून धरणे आणि त्याच पकडीत सैलपणा ठेवून पुढील पेचात शिरणे, ही त्यातील मुख्य साधना होय. उघड्या पाठीवरच्या स्वाराला लागणारा गुण हाच. खांब हलत नाही, घोडा हलतो, हा भेद मोठा आहे. तरीही शरीराच्या ज्या भागास तयार करावयाचे तो भाग एकच.

ही तुलना केवळ कल्पनेची नाही. पेशवाईच्या अस्तानंतर बाळंभट दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने ब्रह्मावर्तास राहिले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे बालपण याच ब्रह्मावर्ताच्या परिसरात गेले. १८५७ च्या धामधुमीत झाशीस राहिलेले विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात राणीच्या दिनचर्येचे वर्णन केले आहे. त्यात प्रातःकाळी प्रथम मल्लखांब, त्यानंतर घोडा मंडळावर धरणे, असा क्रम येतो. आधी स्थिर खांबावर अंग तयार करावे, मग वर्तुळात फिरणाऱ्या घोड्यावर ते तपासावे, असा हा क्रम आहे. युरोपातही मंडळावरच्या घोड्यावर स्वार घडविण्याची रीत आहे. व्हिएन्ना येथील स्पॅनिश अश्वशाळेत नवशिक्यास दीर्घकाळ रिकिबी व लगाम हाती न देता मंडळावर धरलेल्या घोड्यावर बसवितात. फरक इतकाच की, तेथे ही रीत संस्थेने जपली. येथे ती व्यक्तींच्या व आखाड्यांच्या स्मरणात राहिली.

मल्लखांबास घोडा लागत नाही, वैरण लागत नाही, शस्त्रबंदीचा अडथळाही येत नाही. म्हणून नाशिकसह महाराष्ट्रातील व्यायामशाळांत तो रुजला व वाढला. मात्र त्याबरोबर मांडीच्या पकडीचा हेतू बदलला. घोड्यावर टिकण्यासाठी असलेली शक्ती हळूहळू स्वतःसाठीच साधण्याची कला झाली.

७. १९३७ : शाळेतले अश्वारोहण

या पार्श्वभूमीवर नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलकडे पाहिले पाहिजे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये ही शाळा सुरू झाली. मुंजे हे व्यवसायाने वैद्य. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात त्यांनी वैद्यकीय पथकात काम केले होते. सैन्याच्या अधिकारपदांचे भारतीयीकरण हा त्यांच्या राजकारणातील एक प्रमुख प्रश्न होता. मार्च १९३१ मध्ये इटलीत त्यांनी तेथील फासिस्ट राजवटीच्या युवक-शिक्षणसंस्था पाहिल्या व मुसोलिनीची भेट घेतली. त्या दर्शनाने ते प्रभावित झाले होते, हे त्यांच्या दैनंदिनीवरून दिसते. शाळेच्या कल्पनेत या प्रभावाचा वाटा किती आणि इंग्रजी सैनिकी शिक्षणाचा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विषयापुरते एवढे पुरे की, अश्वारोहण या शाळेच्या शिक्षणाचा भाग झाले.

येथे कालाचा एक विरोधाभास दिसतो. शाळा निघाली १९३७ मध्ये. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हिंदी सैन्यातील घोडदळाच्या पहिल्या पलटणींचे घोडे काढून त्यांस मोटारगाड्या देण्यास आरंभ झाला. काही वर्षांतच लढाऊ घोडा सैन्यातून जवळजवळ नाहीसा झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थानी घोडदळांच्या अवशेषांतून १९५३ मध्ये ६१ वी कॅव्हलरी ही अश्वारूढ पलटण उभारण्यात आली; तिचे महत्त्व मुख्यतः समारंभ व क्रीडा यांतच राहिले. म्हणजे नाशिकच्या मुलांना घोड्यावर बसविण्यात येऊ लागले, तेव्हा घोड्यावरून लढण्याचा काळ संपत होता.

तरीही हा प्रयत्न निरर्थक म्हणता येत नाही. अश्वारोहणाकडून आता लढाऊ कसबाची अपेक्षा नव्हती. धैर्य, तोल, आज्ञाधारकता व नेतृत्व यांची अपेक्षा होती. विद्येचे प्रयोजन बदलले. मल्हाररावांच्या काळी मुलगा घोड्यावर बसे तो पोटासाठी व पुढे पराक्रमासाठी. विसाव्या शतकातील विद्यार्थी बसू लागला तो चारित्र्यासाठी. पहिल्या प्रकारात घोडा दिवसभर सोबत असतो; दुसऱ्यात तो ठरलेल्या तासापुरता असतो. पहिल्यात घोड्याची भूक, खोड व दुखणे हे सर्व स्वाराला माहीत असते. दुसऱ्यात ते मोतद्दाराला माहीत असते. तासिकेच्या चौकटीत साज, रांग व हुकूम यांचे शिक्षण नीट देता येते. पाण्यावर घोडी नेणाऱ्या मुलास मिळणारी नकळत बसलेली मांड मात्र त्या चौकटीत सहजासहजी बसत नाही. हा कोणत्याही शाळेचा दोष नव्हे. घरातून निघालेली विद्या शाळेत आली म्हणजे तिचे काही गुण वाढतात व काही वाटेत गळतात, याचे हे उदाहरण आहे.

घराशी जोडलेल्या स्वारीचा एक अवशेष नाशिकच्या दक्षिणेस, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव व खेड या भागांत बैलगाडा शर्यतींत आढळतो. येथे धावत्या बैलांच्या पुढे घोडी पळविण्याची रीत असून तिच्यावरील स्वार पुष्कळदा खोगिरावाचूनच बसलेला असतो. या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांस सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य ठरला. प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न यात गंभीर आहे आणि तो स्वतंत्रपणे विचारात घेतला पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र येथे एक दुर्मिळ संधी आहे. ज्या शिक्षणाची नोंद पागेने ठेवली नाही, त्याचे काही दुवे या घरांत आजही प्रत्यक्ष पाहता व विचारता येतात.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, उघड्या पाठीवर बसणे हे साधनाच्या अभावाचे लक्षण न मानता शिक्षणाची पायरी मानले पाहिजे. भाषा, शारीरिक अनुभव व तुलनात्मक पुरावा या तिन्हींचा रोख तिकडेच आहे. दुसरी, मराठी घोडदळाच्या चपळाईचे श्रेय देताना गनिमी डावपेच, हलका साज व काटक तट्टे यांच्याबरोबर राज्याच्या खर्चावाचून चालणाऱ्या घरगुती शिक्षणाचाही हिशेब केला पाहिजे. अशा शिक्षणावर उभे असलेले घोडदळ लढाईत मोडले तरी पुन्हा उभे राहू शकते. परंतु घराघरातून घोडा गेला म्हणजे ते कोणत्याही खजिन्याने पुन्हा उभे करता येत नाही. १८१८ नंतर मराठी घोडदळ पुन्हा का उभे राहिले नाही, या प्रश्नाच्या राजकीय उत्तरास ही पुस्ती जोडणे आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट साधनचिकित्सेची आहे. दप्तरातील मौन म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे. खोगिराची किंमत लिहिली गेली, कारण ते विकत घ्यावे लागले. मांड लिहिली गेली नाही, कारण ती विकत मिळत नव्हती. गंगथडीतील घराण्यांची खासगी दप्तरे, आखाड्यांच्या परंपरा, बोलीतील अश्वविषयक शब्द आणि खेड्यांतील हयात स्वारांच्या मुलाखती यांचा एकत्र संग्रह झाल्यास या अलिखित शाळेचा बराचसा अभ्यासक्रम पुन्हा मांडता येईल. त्यांपैकी शेवटचे साधन सर्वांत नाशवंत आहे; संशोधनाचा आरंभ त्यापासून होणे इष्ट ठरेल.